सहा नंबरचा बिल्ला

हे माझ्यासमोर घडलंय. ऐकीव नाही. कुणाच्या मावशीच्या शेजाऱ्याचा अनुभव नाही. मी तिथे होते, पूर्ण शुद्धीत होते, आणि त्या दिवशी लिंबू सरबताशिवाय काहीही प्यायले नव्हते.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही.

तेवीस जुलै. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. ॲरिझोनाचं वाळवंट. त्या वेळी तिथे कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

अकरा वर्षं झाली याला.

त्या वर्षी मार्चमध्ये माझी आई गेली. वडिलांना आम्ही अपा म्हणायचो. आई गेल्यापासून अपा दिवसभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघायचे. वय चौऱ्याहत्तर. तांब्याच्या खाणीत एकतीस वर्षं काढलेला माणूस, पण आता त्यांना उठून पाणीही घ्यावंसं वाटत नव्हतं. असंच चाललं तर वर्षाच्या आत हेही जातील, हे मला दिसत होतं.

मला ते हवे होते. अजून बरीच वर्षं हवे होते.

म्हणून मी त्यांना हवापालटासाठी होटेल ओकोटिलोला न्यायचं ठरवलं.

"उन्हाळ्यात? वाळवंटात?" अपा म्हणाले. "पोरी, मारायचंच असेल तर तोंडावर उशी दाब. पेट्रोल तरी वाचेल."

पण मनातून खूश होते. सोळाव्या वर्षी ते या होटेलात बर्फाच्या लाद्या पोचवायचे. मागच्या दाराने. तेव्हा आम्हा मेक्सिकन लोकांना तिथे पुढच्या दाराने आत घेत नसत. एकदा तरी पुढच्या व्हरांड्यात पाय पसरून बसायचं, ही त्यांची तेव्हापासूनची इच्छा होती.

होटेलची मालकीण व्हेर्ना. सत्तरीची, काटकुळी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने आधी आम्हाला दाराजवळच्या लाकडी फळ्यासमोर उभं केलं.

फळ्यावर वीस बिल्ले. पाच-पाचच्या चार ओळी. प्रत्येक खोलीचा एक. बिल्ल्याची एक बाजू पितळी, दुसरी लाल.

"बाहेर पडलात की लाल बाजू वर. परत आलात की पितळी," व्हेर्ना म्हणाली. "ज्याने त्याने आपल्याच हाताने फिरवायचा. सूर्य बुडताना एखादा लाल दिसला तर मी घंटा वाजवते आणि आम्ही शोधायला निघतो. वाळवंट आहे हे. माणूस शंभर पावलांवर हरवतो."

अपांचे डोळे चमकले. "अहो, आमच्या खाणीत हेच होतं! उतरताना फिरवायचा, वर आलं की परत फिरवायचा. माझा इथे असायचा."

त्यांचा हात सवयीने खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्याकडे गेला.

व्हेर्नाने चटकन त्यांचं मनगट धरलं.

तो वीस नंबरचा बिल्ला होता. फळ्यावरचा तेवढाच लाल. धुळीने काळपट झालेला.

"त्याला हात लावायचा नाही, बुस्तामान्तेसाहेब. तो पाहुणा अजून बाहेर आहे."

"कधीपासून?"

"माझी आई इथे बसायची तेव्हापासून. त्याच्यासाठी रोज घंटा वाजते."

मला हसू आलं. अपा मात्र हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची हॅट काढली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "खाली राहिलेल्या माणसाचा बिल्ला दुसऱ्याने फिरवायचा नसतो."

आम्हाला सहा नंबरची खोली मिळाली.

पहिले दोन दिवस फार छान गेले. अपा व्हरांड्यात पाय पसरून बसले. डाव्या पायाची टाच खाणीत चेंगरली होती, त्यामुळे ते ती टाच फरफटत चालायचे. सकाळी उन्हाआधी थोडं फिरून यायचे आणि दर वेळी त्यांचा हात आधी त्या कोपऱ्याकडे जायचा.

"हात ऐकत नाही गं माझा," ते म्हणायचे.

"मग हाताला काठी दाखवते," व्हेर्ना म्हणायची. दोघांचं चांगलं जमलं होतं.

आणि अपा पुन्हा शिट्टी वाजवायला लागले. दोन आखूड, एक लांब. आम्ही लहान असताना ती शिट्टी ऐकली की असू तिथून धावत घरी यायचं, असा नियम होता. आता ते व्हरांड्यातून शिट्टी घालायचे आणि मी पन्नाशीची बाई जिन्यावरून धावत खाली यायचे. त्यांना भारी मजा वाटायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला झोप लागली.

जागी झाले तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अपांचा पलंग रिकामा होता. हॅटही नव्हती.

खाली आले. व्हेर्ना खुर्चीत पेंगत होती.

फळ्यावर सहा नंबर... लाल.

या उन्हात? मी पाण्याची बाटली घेतली आणि बाहेर पळाले. होटेलसमोर थोड्या अंतरावर जुनं बर्फघर होतं. तेच बघायला गेले असणार असं वाटलं.

वाळूत पावलं दिसत होती. डावी टाच फरफटलेली. अपांचीच. बर्फघरावरून पुढे कोरड्या ओढ्यात उतरली होती.

"अपा! अपा!"

झुडपांतले किडे दिवसभर करकरत असतात. त्या क्षणी ते...

एकदम थांबले.

मी पावलांमागे चालत राहिले. साठ-सत्तर पावलं. ओढ्याच्या मधोमध मऊ वाळूचा पट्टा होता. आणि तिथे ती पावलं...

संपली.

पुढे नाहीत. मागे वळलेली नाहीत. बाजूला कुठेच नाहीत.

मी गर्रकन वळून होटेलकडे पाहिलं. पुढच्या पायऱ्यांवर अपा उभे होते. माझ्याकडे पाठ करून. हॅट हातात.

माझ्या बाजूने कुणीही गेलं नव्हतं. शप्पथ सांगते.

मी धावत सुटले. पोचले तेव्हा ते फळ्यासमोर होते. त्यांनी हात वर केला, खालच्या ओळीत उजव्या कोपऱ्याकडे नेला आणि वीस नंबरचा बिल्ला फिरवला.

खट्.

व्हेर्ना दचकून जागी झाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अपा, अहो आपला सहा नंबर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "माझा हाच," ते म्हणाले.

मी पुढे होऊन सहा नंबर फिरवायला गेले. व्हेर्नाने माझा हात पकडला.

"तू नाही. ज्याने त्याने."

"अगं, त्यांना ऊन लागलंय! त्यांना काय कळतंय आत्ता!"

ती त्यांच्या पायांकडे बघत होती. अपा जिना चढत होते. सरळ. ताठ.

टाच फरफटत नव्हती.

वर गेल्यावर ते सहा नंबरकडे वळले नाहीत. दुसऱ्या टोकाला गेले. वीस नंबरच्या कुलूपबंद दारासमोर उभे राहिले, कुणीतरी येऊन उघडावं तसे.

मी त्यांना हाताला धरून खाली आणलं, व्हरांड्यात बसवलं. हात थंड होता. शर्ट कोरडा होता, घामाचा एक थेंब नाही. ते पाणी प्यायले. एक जग. दोन जग. तीन.

गाडीपर्यंत चला म्हटलं तर उठेनात. मी बसून राहिले, त्यांचं मनगट धरून.

सूर्य बुडायला आला. व्हेर्ना बाहेर आली आणि घंटेची दोरी हातात घेतली.

"नको," मी म्हणाले. "ते इथे आहेत ना! कशाला वाजवतेस?"

"सहा नंबर लाल आहे, ओफेलिया."

तिने घंटा वाजवली. तीनदा. आवाज लांबवर गेला आणि विरला. मग ओढ्याच्या बाजूने...

शिट्टी आली.

दोन आखूड. एक लांब.

मी शेजारी पाहिलं. अपा पाणी पीत होते. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

पुन्हा शिट्टी. दोन आखूड. एक लांब.

माझे पाय आपोआप उठले. लहानपणापासूनची सवय. व्हेर्ना कंदील घेऊन पायरीवर थांबली होती. तिने एवढंच विचारलं, "यायचंय?"

माझ्या हातात एक मनगट होतं. त्यात नाडी चालू होती. समोर अंधारत चाललेलं वाळवंट होतं. मी घाबरले. खोटं कशाला बोलू, मी फार घाबरले.

"अपा इथेच आहेत," मी म्हणाले.

आणि मी आतून गाडीच्या किल्ल्या आणायला गेले.

या वेळी मी 'चला' म्हटल्यावर ते लगेच उठले. गाडी सुरू करताना तिसरी शिट्टी ऐकू आली. मी काच वर केली.

डॉक्टर म्हणाले, थोडं ऊन लागलंय, बाकी तब्येत उत्तम. टाच कशी काय सुधारली, याचं त्यांनाही कौतुक वाटलं. भिंतीकडे बघणं बंद झालं. जेवण वाढलं. नातेवाईक म्हणाले, "हवापालट मानवला हं एलिसेओला!"

मला अजून बरीच वर्षं हवी होती ना? मिळाली. सात वर्षं.

त्या सात वर्षांत त्यांनी मला एकदाही 'पोरी' म्हटलं नाही. ओफेलिया म्हणायचे, नीट, पाहुण्यासारखं. आईच्या थडग्यावर एकदाही आले नाहीत. शिट्टी वाजवली नाही. एकदा मीच म्हटलं, "अपा, शिट्टी घाला ना." ते हसले आणि म्हणाले, "मला कुठे येते?"

ते गेले तेव्हा मी त्यांना आईच्या शेजारीच पुरलं. आईच्या शेजारी कुणाला झोपवलंय, हा विचार मी करत नाही. करायचा नाही असं ठरवलंय.

त्यानंतर दर जुलैत मी होटेल ओकोटिलोला जाते. व्हेर्ना आता नाही. तिची भाची असते, तिला फळ्याचं सगळं माहीत आहे. वीस नंबर लखलखीत पितळी आहे, खोली पाहुण्यांना देतात. सहा नंबर मात्र कुलूपबंद. बिल्ला लाल, वर धूळ.

"तो फिरवू नका हं," भाची दर वर्षी सांगते. "पाहुणा अजून बाहेर आहे."

मी व्हरांड्यात बसते. सूर्य बुडताना ती घंटा वाजवते. तीनदा. मग मी ओढ्याकडे कान लावते. दोन आखूड, एक लांब. दर वर्षी येते. मी दर वर्षी पायरीपर्यंत जाते, आणि दर वर्षी तिथेच थांबते.

यंदाही गेले होते. यंदाही शिट्टी आली.

पण फार लांबून आली.

अपांना वाटतंय, मी ऐकलंच नाही. मला शोधत ते आणखी आत चाललेत.