तेविसाव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण

“बाई, आधी चुका काढायच्या. खुनी नंतर शोधायचा.”

एकतीस वर्षांपूर्वी पहिल्या कादंबरीची प्रुफं हातात ठेवताना भाऊंनी हे बजावलं होतं, आणि प्रुफं तपासणाऱ्या बाईंनी ते मनोभावे पाळलं होतं. म्हणूनच मंगळवारी सकाळी फोनवर भाऊंचा आवाज ऐकून त्या गोंधळल्या.

“चोरी झालीय,” भाऊ म्हणाले. “शेवटचं प्रकरण गेलं. लगेच या. कोणाला बोलू नका.”

भाऊ रहस्यकथा लिहीत आणि स्वतःच छापून घेत. पहिली कादंबरी तीन प्रकाशकांनी परत केली. तिसऱ्याने तर पाकीटही फोडलं नव्हतं. त्यानंतर भाऊंनी कोणाला विचारलंच नाही. लिहायचं घरी, तपासायचं बाईंनी, छापायचं मागच्या गल्लीतल्या छापखान्यात, आणि दोन कापडी पिशव्या खांद्याला लावून ग्रंथालयं, केस कापायची दुकानं, दवाखाने पालथे घालायचे. दाताच्या डॉक्टरांकडे त्यांचा वाचकवर्ग मोठा होता, कारण तिथे ताटकळावं फार लागे. असं करत बावीस पुस्तकं झाली. औषधविक्रेता, गाण्याची शिक्षिका, बँकेतला शिपाई, पोस्टमनची सासू, असे बावीस खुनी.

त्यांची एक पद्धत होती. शेवटचं प्रकरण हाताने लिहायचं, पाकिटात घालून चिकटवायचं आणि खणात कुलूपबंद ठेवायचं. बाकीचं पुस्तक छापून झालं की मगच ते पाकीट बाहेर निघे. खुनी कोण हे तोवर घरातही कोणाला कळत नसे. पुस्तक आलं की पहिली प्रत आणि ते हस्तलिखित खाकी कागदात एकत्र बांधून लोखंडी कपाटात जाई. त्यावर तारीख आणि एकच शब्द, संपलं.

तेविसावं पुस्तक तेवढ्या एका प्रकरणासाठी अडलं होतं.

दार वहिनींनी उघडलं. भाऊंच्या पत्नी. रात्रभर डोळ्याला डोळा न लागल्यासारखा चेहरा. चहा ठेवते म्हणाल्या आणि आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. दाराच्या आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली होती, ‘किल्ली घेतली का?’ स्वयंपाकघरात शेगडीच्या वर दुसरी, ‘बंद केली का?’ लिहिलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय पुढे जाणं बाईंना जमत नसे.

खोलीत भाऊ टेबलापाशी उभे होते. खण उघडा, रिकामा. कुलूप शाबूत.

“शेवटचं कधी पाहिलंत?”

“रविवारी. हात लावून पाहिलं.”

“किल्ली?”

भाऊंनी गळ्यातला दोरा ओढून दाखवला. “अंघोळीलाही काढत नाही.”

“काल कोण आलं होतं?”

“कोणी नाही.”

आतून वहिनींचा आवाज आला, हळूच, की काल दुपारी छापखान्याचा मालक येऊन गेला. भाऊंनी तिकडे पाहिलं. मग म्हणाले की आला असेल, आपण झोपलो असू.

बाईंनी खोली डोळ्यांखालून घातली. खिडकीला गज. टेबलावर कात्री, सुतळीचा गुंडा आणि खाकी कागदाची गुंडाळी. गुंडाळीचं टोक तिरकं कापलेलं. फळीवर बावीस पुस्तकं, कण्यांवर आकडे.

“भाऊ, शोधू आपण. पण नाहीच मिळालं तर पुन्हा लिहून काढा. गोष्ट तुमच्याच डोक्यात आहे ना.”

भाऊ खिडकीबाहेर बघत राहिले. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी झटकत होती. तिच्या सगळ्या चादरी झटकून झाल्या तेव्हा ते बोलले.

“चोरीचा माल परत मिळवायचा असतो, बाई. नवा करायचा नसतो.”

मग हलक्या आवाजात त्यांनी हेही सांगितलं, की त्यांचा संशय घरातल्याच माणसावर आहे. तिला हे पुस्तक व्हायलाच नको आहे. चार महिने ती लिहू नका लिहू नका म्हणते आहे.

वहिनींनी ते ऐकलं असावं. बाई स्वयंपाकघरात गेल्या तेव्हा त्या पाठमोऱ्या उभ्या राहून धुतलेलाच कप पुन्हा धूत होत्या.

“वहिनी, तुम्ही घेतलंत का ते पाकीट?”

“घेतलं असतं तर बरं झालं असतं. निदान कुठे आहे ते सांगता आलं असतं.”

“लिहू नका का म्हणता त्यांना?”

वहिनींनी कप पालथा घातला. एकेक पान लिहायला आता त्यांना दिवस लागतो, लिहून झालं की ते फाडतात आणि कोणी फाडलं म्हणून विचारतात, एवढं त्या म्हणाल्या. बावीस झाली, पुष्कळ झाली. काल संध्याकाळी मात्र स्वारी खुशीत होती. इस्त्रीचा शर्ट घालून बसली होती.

“कशासाठी?”

“विचारलं नाही. हल्ली मी विचारत नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींचे हात ओले म्हणून बाईंनी घेतला. परगावची लेक होती. तिने मावशी म्हणून चौकशी केली आणि आपली प्रत बाजूला काढून ठेवायला बाबांना सांगा म्हणाली. पुस्तक आल्याचं कालच बाबांकडून कळलं होतं, पण आईने त्यावर एक शब्द काढला नव्हता. दोघांचं भांडण झालंय का?

बाईंनी निरोप देते एवढंच म्हटलं. फोन ठेवल्यावरही त्यांचा हात बराच वेळ त्यावर राहिला.

छापखान्यात यंत्र बंद होतं. मालक स्टुलावर बसून शाईचे हात पुसत होता. भाऊंची पहिली कादंबरी त्याच्या वडिलांनी छापली होती. भाऊंना तो काका म्हणे.

“काल गेला होतास?”

“दुपारी. डमी द्यायला.”

डमी म्हणजे कोरी पानं शिवून त्यावर खरं मुखपृष्ठ चढवलेली प्रत. पुस्तक किती जाड होईल, कण्यावरचं नाव नीट बसतं का, ते बांधणीआधी बघायला करतात.

“भाऊ झोपले होते?”

“झोपले कसले. दार त्यांनीच उघडलं. काकू मागे वाळत घालत होत्या. मी घाईत होतो, हातात दिली आणि निघालो. इतके खूश झाले की माझा हातच सोडेनात. तुझे वडील हवे होते म्हणाले.”

“ती डमी कुठे आहे?”

“त्यांच्याकडेच. कणा ठीक आहे का तेवढं कळवा म्हटलं होतं. कळवलं नाही अजून.”

बाई उठल्या. मालकाने शाईचं फडकं घडी घातलं, उलगडलं, पुन्हा घडी घातलं.

“बाई, तो वकील तिसऱ्या प्रकरणात मरतो ना?”

“हो.”

“नवव्यात चहा पीत होता.”

“मी काढलं ते.”

“माहीत आहे. मागच्या पुस्तकातही दोन जागी होतं तसंच. तुम्ही काढत गेलात, मी छापत गेलो. आपण काय करणार?”

बाई पुन्हा स्टुलावर बसल्या. मेलेला माणूस चहा पितो हे त्यांना दिसलं होतं. घाई झाली असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी लाल शाईने ओळ खोडली होती आणि पान उलटलं होतं. एकतीस वर्षांत त्यांनी इतकं चोख काम कधी केलं नव्हतं. वाचकाला काही कळलं नाही. लेकीला कळलं नाही. आणि स्वतः भाऊंना कळायची जी एक जागा होती, तीही त्यांनीच साफ करून ठेवली होती.

दुपारी चारला त्या मालकाला घेऊन परत आल्या. वहिनी जिन्यातच गाठायला उभ्या होत्या. काही सापडलं तर खणाच्या मागे पडलं होतं म्हणून सांगा, एवढंच त्यांचं मागणं होतं. तेवढं ऐकून ते निवांत जेवतील.

बाईंचा रोजचा नेम होता. दिवसभरात खोटं बोलायचं नाही, आणि कोणाचं मन दुखवायचं नाही. दोन्ही एकाच दिवशी निभत नाहीत असा दिवस आजवर आला नव्हता. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि म्हणाल्या की भाऊंनी विचारलं नाही तर मी बोलणार नाही.

भाऊंनी विचारलंच. एवढंच नाही, खुर्च्या मांडल्या. शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवायचं असतं हे तुम्हाला माहीत नाही का, म्हणाले. स्वतः दाराशी बसले, कोणी पळू नये म्हणून.

“बोला बाई. कोण?”

“बाहेरचं कोणी नाही, भाऊ. कुलूप किल्लीने उघडलंय, आणि किल्ली तुमच्या गळ्यात आहे.”

“दोरा झोपेत काढता येतो,” भाऊ म्हणाले. वहिनींनी मान खाली घातली.

“येतो. पण चोर कात्री, सुतळी आणि खाकी कागद वापरून टेबलावर ठेवत नाही. कागद ताजा कापलाय. काल या घरात कोणीतरी काहीतरी बांधलं.”

“पुढे.”

“काल दुपारी हा डमी घेऊन आला. दार तुम्हीच उघडलंत.”

“मी?”

“वरून पाहिलं तर ते छापून आलेलं पुस्तकच वाटतं. संध्याकाळी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातलात. लेकीला फोन करून सांगितलंत, पुस्तक आलं. आणि पुस्तक आलं की तुम्ही जे करता तेच केलंत.”

 भाऊंनी एकदम लोखंडी कपाटाकडे पाहिलं. चोराने नेलेली वस्तू आपल्याच कपाटात कोण शोधणार? मालकाने उठून दार ओढलं. बावीस खाकी पुडकी, आणि कडेला तेविसावं. भाऊंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, संपलं. खाली सोमवारची तारीख.

सुतळी बाईंनी सोडली. आत कोऱ्या पानांचं पुस्तक होतं, आणि त्याखाली पाकीट. चिकटवलेलं तसंच.

“हेतू?” भाऊंनी विचारलं. आवाज अजून त्यांच्या पुस्तकातल्या इन्स्पेक्टरसारखाच होता.

“हेतू नाही, भाऊ. सवय.”

“हेतूशिवाय गुन्हा उभा राहत नाही.”

“मी कुठे गुन्हा म्हटलं?”

भाऊंनी पाकीट हातात घेतलं. उलटसुलट केलं. “मला यातलं काही आठवत नाही,” ते म्हणाले. आणि जरा थांबून, “खुनी कोण तेही आठवत नाही. सकाळपासून दोन्ही शोधतोय.”

 बाईंना वाटलं, आता आपलंही सांगून टाकावं.

“नवव्या प्रकरणात तुमचा वकील चहा पीत होता. मी गुपचूप काढलं. तुम्हाला सांगायला हवं होतं.”

“मेलेला?”

“हो.”

“साखर घालून?”

मालक हसला आणि लगेच गप्प झाला. भाऊही थोडं हसले. मग त्यांचा चेहरा असा झाला, की बाईंनी नजर टेबलावरच्या कात्रीकडे वळवली. वहिनी म्हणाल्या, “अहो, फोडून बघा ना. तुमचंच आहे.”

“नको,” भाऊ म्हणाले. “छापून आल्यावर वाचतो.”

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. तुझ्यावर संशय घेतला, एवढंच म्हणाले. वहिनी म्हणाल्या, घ्या, सवयीचा झालाय. पण त्यांचा पदर डोळ्यांकडे गेलाच.

मालकाने पाकिटासाठी हात पुढे केला. भाऊंनी तो बाजूला सारला. तू जा, यंत्र लाव, म्हणाले. बावीस वेळा मी पाकीट पायी आणून दिलंय, तेविसाव्यांदाही आणीन. सोबत कोणी यायचं नाही. मालक बाईंकडे बघत बघत निघून गेला. भाऊ चपला शोधू लागले.

वहिनींनी बाईंना आत ओढलं. परवा दूध आणायला गेले ते दोन तासांनी अनोळखी माणसाने आणून सोडलं, म्हणाल्या. अडवलं तर हे जेवायचे नाहीत. मी गेले तर चाल ओळखतील.

“तुम्ही जाल मागून? पण दिसू नका. आणि चुकले तरी लगेच हात धरू नका. जरा वेळ द्या त्यांना. बराच वेळ द्या.”

“देईन,” बाई म्हणाल्या.

“शब्द?”

“शब्द.”

भाऊ जिना उतरले. पाकीट छातीशी धरलेलं. बाईंनी वीस अंक मोजले, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी खाली आल्या. फाटकाशी भाऊ थांबले होते. ऊन उतरलं होतं, रस्त्यावर सायकली जात होत्या. त्यांनी एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या.

छापखाना डावीकडे होता. भाऊ उजवीकडे वळले.

बाईंनी हाक मारली नाही. चपला पायात सरकवल्या आणि अंतर राखून त्याही उजवीकडे निघाल्या.