अळणी झालेलं ताट

“पुन्हा मीठ कमी घातलंस ना गं? माझ्या पोराला काय आजाऱ्याचं जेवण वाढतेस?”

चुलीपाशी बसलेली मा तेसा पुटपुटली. पुटपुटली म्हणजे काय, सुनेला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

सून उर्सेल ताटं मांडत राहिली. मीठ तिने मूठभर घातलं होतं.

मूठभर... आणि तरीही...

थांबा. नीट सांगते.

ही गोष्ट खरी आहे. उर्सेल माझ्या आईची मावसबहीण. खोटं बोलताना तिला हसू आवरत नाही, सगळं गाव हे जाणतं. ही गोष्ट सांगताना ती एकदाही हसलेली नाही.

आणि ही रात्रीची गोष्टही नाही. कॅरिबियन समुद्रातल्या कारियाकू बेटावर, आमच्या विंडवर्ड गावात, १९५६ साली ईस्टरच्या आधीच्या रविवारी, लख्ख दुपारी घडलेली. आजही उर्सेल रविवारची दुपार घरात काढत नाही. का, विचारलं तर म्हणते, “उकडतं.”

उर्सेलचा नवरा अल्बन. मा तेसाचा एकुलता एक. ‘इथेल बी.’ नावाच्या शिडाच्या जहाजावर होता. त्या रविवारच्या पाच वर्षं आधी ते जहाज बकऱ्या आणि कांदे भरून त्रिनिदादला निघालं. आभाळ स्वच्छ. वारा पाठीशी. किनाऱ्यावरून बायकांनी रुमाल हलवले.

ते त्रिनिदादला पोचलं नाही.

वादळ झालं नव्हतं. एक फळी किनाऱ्याला लागली नाही, की शिडाचा एक तुकडा.

जहाजावर पाच जण होते. बाकीच्या चार घरांनी वाट पाहिली. मग एकेकाच्या घरात स्वप्नं पडायला लागली. गेलेला माणूस उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, भूक लागलीय. आमच्याकडे हे स्वप्न पडलं की माणसं ओळखतात. मग रिकाम्या थडग्यावर दगड बसवतात, ढोल वाजतात, आणि घरातल्या टेबलावर त्याच्यासाठी ताट मांडतात.

ते ताट अळणी असतं. मिठाचा कणसुद्धा नाही. मिठाने अंग जड होतं, आणि गेलेल्याला लांब जायचं असतं. हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही सांगेल.

चार दगड बसले.

अल्बनचा नाही.

कारण ग्रेनाडाचा कुणी खलाशी सांगत आला होता, की वेनेझुएलाच्या तुरुंगात अल्बनसारखा एक माणूस दिसला. आता वेनेझुएलाचा तुरुंग म्हणजे आमच्या खलाशांचं आजोळच. चोरटी दारू पोचवायला गेलेला कोण कधी आत जाईल, सांगता येत नाही. मा तेसाने ती बातमी पदराला गाठ मारून ठेवावी तशी ठेवली.

तेव्हापासून दर रविवारी चर्चहून आल्यावर अल्बनच्या खुर्चीपुढे ताट मांडलं जाई. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तुरीचे ओले दाणे, भाजलेला मासा.

मीठ घालून. जिवंत माणसाला वाढतात तसं.

आणि ‘तो’ शब्द त्या घरात कुणी उच्चारत नसे. “अल्बन आला की छप्पर बघेल.” “अल्बन इथे नाही ना, म्हणून.” शेजारीपाजारीसुद्धा दारात आले की जीभ सांभाळत.

तिशीची उर्सेल मात्र मधल्यामध्ये लटकलेली. धड बायको नाही, धड विधवा नाही.

गावात लिंटन नावाचा होडीबांध्या सुतार होता. हसरा, बोटं डांबराने काळी. उर्सेल त्याच्यासाठी पाणी घेऊन जाई. ती का जाते हे सगळ्यांना कळत होतं, पाण्यालासुद्धा.

एकदा होडीच्या पोटाखाली आडवा पडल्यापडल्याच तो म्हणाला, “ईस्टरनंतर ही होडी पाण्यात गेली की मी त्रिनिदादला कामाला चाललो. येतेस?”

“कशी येऊ?”

“तू बायको आहेस की विधवा, एवढं सांग. दुसऱ्याच्या बायकोला मी नेणार नाही. आणि तुझ्याशिवाय जायचं माझ्या जिवावर येतं. मग मी काय करू, होडी उलटी बांधू?”

उर्सेल हसली. मग तिला रडू आलं.

पाद्रीबाबांना विचारून झालं होतं. ते म्हणाले होते, “आईने येऊन स्वतःच्या तोंडाने सांगू दे की मुलगा गेला. मग मी लग्नासाठी तुमची नावं चर्चमध्ये पुकारतो.”

स्वतःच्या तोंडाने. मा तेसाने. म्हणजे झालंच.

आता त्या ताटाचं सांगते.

गरिबाघरी अन्न टाकत नाहीत. अल्बनपुढचं ताट तासाभराने उर्सेलच खायची. त्या ईस्टरआधीच्या नाताळानंतर एका रविवारी तिने घास तोंडात घातला...

अळणी.

तिने स्वतःचं ताट चाखलं. एकाच भांड्यातलं अन्न. व्यवस्थित खारट.

पुन्हा अल्बनच्या ताटातला घास. मासा अख्खा होता. दाण्याला दाणा लागलेला. कुणी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं.

फक्त मीठ नव्हतं.

पुढच्या रविवारी तिने मीठ वाढवलं. तरी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. तेच.

ती ताट झाकून शेजारी टँटी व्हायोलाकडे घेऊन गेली. टँटी म्हणजे गावाची मावशी. बोलायला लागली की लाटांनी शिकावं.

“तुझी जीभ गेलीय,” टँटी म्हणाली. “सुतारावर जीव जडला की असंच होतं. आण इकडे.”

तिने घास घेतला. चावला.

आणि थांबली.

“हे कुणापुढे ठेवलं होतंस?”

उर्सेलने सांगितलं. टँटीने उठून अंगणात चूळ भरली. मग पाठ करूनच म्हणाली,

“पोरी, मीठ खाऊ घातलं की अंग जड होतं. जड झालेला जाणार कुठे?”

“म्हणजे टँटी, अल्बन...”

“मी काही म्हटलं नाही हं! माझ्या तोंडी काही घालू नकोस!”

त्यानंतर उर्सेलला खुर्ची दिसायला लागली. म्हणजे रोज दिसायचीच, पण आता दिसायला लागली.

एका रविवारी जेवणानंतर झाडताना ती खुर्ची बाजूला सरकवायला गेली. साधी देवदारी खुर्ची, एका हाताने उचलावी अशी.

उचलेना.

दोन्ही हातांनी ओढली. जागची हलली नाही. तिने वाकून पाहिलं. खुर्चीच्या चारही पायांखालच्या फळ्या खाली दबल्या होत्या... खूप वजनदार माणूस बराच वेळ बसून राहावा, तशा.

आणि फळ्या ओल्या होत्या.

लिंटनची होडी तयार झाली. ईस्टरच्या आधीचा तो रविवार उजाडला. पहाटेपासून उर्सेलच्या मनात एकच. आपलं काय व्हायचं ते होवो. पण अल्बनला किती दिवस असं बांधून ठेवायचं?

तिने जेवण दोन भांड्यांत शिजवलं. एकात मीठ घातलं.

एकात नाही.

आणि अल्बनपुढे अळणी ताट ठेवलं. मा तेसा समोर बसली, तिने डोळे मिटून प्रार्थना म्हटली.

“आमेन,” ती म्हणाली.

आणि समुद्र थांबला.

तुम्हाला हे कसं सांगू? आमच्या गावासमोर खडकांची रांग आहे. त्यावर लाटा फुटतात, रात्रंदिवस. जन्मल्यापासून तो आवाज कानात असतो, म्हणून तो ऐकूच येत नाही.

तो बंद झाल्यावर ऐकू आला.

वारा नाही. कोंबडी नाही. शेजारचं पोर रडत होतं, तेही नाही.

मग... किनाऱ्याकडून पावलं.

संथ. जड. ओल्या वाळूतून पाय उपसून काढावा लागतो तशी.

आमची घरं लाकडी खांबांवर असतात. पायरी करकरली. दुसरी करकरली. उर्सेल दाराकडे बघत होती. दार उघडं होतं. बाहेर ऊन होतं.

दारात कुणी नव्हतं.

खुर्ची कुरकुरली.

“आला,” मा तेसा कुजबुजली. तिचा चेहरा नव्या नवरीसारखा उजळला. “आला गं माझा! तोंड काय बघतेस, पाणी दे त्याला!”

उर्सेलला जागेवरून हलता येईना. ताटातला चमचा किणकिणला. एकदाच.

मग काही नाही...

मग ते ताट टेबलावरून सरकलं. हळूच. मा तेसाच्या बाजूला. लहान मूल पानातलं न आवडलेलं आईकडे ढकलतं, तसं.

मा तेसाने एक दाणा उचलून तोंडात टाकला.

“उर्सेल.” आवाज बदललेला. “हे कुणाचं जेवण वाढलंस माझ्या पोराला?”

“मा, ऐका माझं...”

“कुणाचं जेवण आहे हे?”

“त्याला जाऊ द्या, मा. तुमच्या पाया पडते. त्याला उठता येत नाहीये.”

म्हातारीने ऐकलंच नाही. तिने मिठाचं भांडं ओढलं, मूठ भरली, हात ताटावर नेला.

तेवढ्यात फळी कडाडली.

खुर्ची जरा वर उचलली गेली... आणि धप्पकन खाली बसली. सगळं घर हादरलं. भिंतीवरचा कंदील झुलायला लागला.

पुन्हा. जरा वर... धप्प.

आणि श्वास. तो दोघींनी ऐकला. बराच वेळ पाण्याखाली राहून वर आलेला माणूस घेतो तसला श्वास. तसा एक. मग आणखी एक. आत जाणारा फक्त. बाहेर येणारा नाहीच.

खुर्चीखालून पाणी पसरत उर्सेलच्या पावलांपर्यंत आलं. गार होतं. भर उन्हाळ्यात, इतकं गार.

पुन्हा खुर्ची वर झाली. या वेळी जेमतेम. थकलेलं माणूस एक शेवटचा प्रयत्न करतं, तेवढी.

मा तेसाचा हात ताटावर तसाच अधांतरी होता. मूठ मिटलेली. ती बघत होती. पोटच्या पोराला उठता येत नाहीये, हे बघायला आईला डोळे लागत नाहीत.

तिने मूठ ताटावर उघडली नाही. बाजूला नेऊन भांड्यात रिकामी केली. हात झग्याला पुसला, दोन-दोनदा पुसला.

मग ती उठली. गुडघे दुखायचे तिचे, टेबलाला धरून धरून त्या बाजूला गेली. खुर्चीच्या वर, जिथे काहीच नव्हतं तिथे तिने हात ठेवला. तो हात हवेत थांबला. उर्सेलने डोळ्यांनी पाहिलं, म्हातारीची बोटं ओली झाली होती आणि ती ओले केस मागे सारावेत तशी फिरत होती.

पाच वर्षं तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता गालावरून हनुवटीपर्यंत धार लागली होती, आणि आवाज मात्र अगदी शांत. ताप आलेल्या लेकराला समजवावं तसा.

“ऐक माझं, अल्बन,” ती म्हणाली. “घाबरू नकोस. मी आहे इथे.”

खुर्ची स्थिर झाली.

“तुम्ही पाचही जण बुडालात, बाळा. तू मेलायस रे, राजा.”