बोटीवर माणसं किती

दुपारचे सव्वाचार. किनाऱ्यापासून दोन मैलांवर दाट धुकं, वारा शून्य, आणि त्यात शिडं पाडून उभी असलेली एक जुनी बोट. बोटीवर नवरा-बायको. कागदोपत्री मात्र तिघं.

हे तिसरं माणूस नवऱ्याने जन्माला घातलं होतं. पाच दिवसांनी चाळीस बोटी मिळून समुद्र ओलांडणार होत्या. त्या रॅलीत उतरायचं तर बोटीवर किमान तीन माणसं हवीत, असा नियम. नवरा विमा एजंट. फॉर्मचा रकाना कोरा सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं. बोट विकत घेतली तेव्हा खालच्या कप्प्यात एक बुरसटलेलं लाइफजॅकेट निघालं होतं. त्याच्या कॉलरवरचं शाईचं नाव त्याने बिनदिक्कत तिसऱ्या रकान्यात उतरवलं. आयोजकांच्या तपासनिसाने तर कहर केला. धक्क्यावर पाऊलही न टाकता ‘तिघांना समक्ष पाहिले’ असा शेरा मारून तो मोकळा झाला. जिवाचा खेळ असतो हा, पण शिक्का मारणाऱ्याचा जीव त्यात नसतो.

बायको ऑपरेशन थिएटरमधली सिस्टर. कापसाचे बोळे मोजून जुळल्याशिवाय तिने भल्याभल्या सर्जननाही टाके घालू दिले नव्हते. किनाऱ्याकिनाऱ्याने चाललेल्या या सरावाच्या फेरीत रोज साडेचारला आयोजकांची बाई वायरलेसवर माणसांची संख्या विचारायची, आणि नवरा ‘तीन’ म्हणायचा. पहिल्या दिवशी ती हसली. तुझ्या पाहुण्याला चहात साखर किती लागते ते विचारून ठेव, म्हणाली. दुसऱ्या दिवशी खालच्या रिकाम्या बाकावरची गादी ओली लागली. नवरा म्हणाला, वरचं झाकण गळतंय. गादीला वास होता. तो वास तिने शवागारात घेतलेला होता. त्यावरून दोघांची जी जुंपली, ती आजपर्यंत.

साडेचारला तिने माईक त्याच्या हातातून हिसकावला.

“बोटीवर माणसं किती?” आयोजकांच्या बाईचा रोजचा प्रश्न आला.

“दोन,” ती म्हणाली. “फॉर्मवर खोटं लिहिलंय. आमचं नाव काढून टाका.”

दोन वर्षांची तयारी एका वाक्यात पाण्यात गेली. नवरा दातओठ खात तिच्याकडे बघत राहिला. तो काही बोलणार, तेवढ्यात वायरलेसवर एक पुरुषी आवाज आला. अगदी जवळून.

“तीन...”

नवऱ्याचं तोंड मिटलेलं होतं.

“तीन. नोंद घेतली,” असं कोरडेपणाने म्हणून त्या बाईने पुढच्या बोटीला हाक मारली.

मग वर डेकवर काहीतरी करकरलं. दोघं वर धावले. पाण्यात पडलो तरी बोटीपासून दूर वाहून जाऊ नये म्हणून खलाशी स्वतःला पट्ट्याने बोटीशी बांधून घेतात. तसा तिसरा, कधीच न वापरलेला पट्टा कठड्यावरून खाली पाण्यात गेला होता. ताठ. खालून कोणीतरी लोंबकळावं तसा.

“राहू दे...” ती पुटपुटली. “हात नको लावूस...”

“का? दोनच आहोत ना आपण? तूच सांगितलंस ना जगाला?”

त्याने चाकू काढला. समुद्र तळ्यासारखा शांत, म्हणून त्याने स्वतःचा पट्टा लावलेला नव्हता. तो वाकला. पट्टा कापला गेल्याचा आवाज तिने ऐकला. पाणी उडाल्याचा नाही. धुक्यात कठडा रिकामा होता, आणि बोट एका बाजूला किंचित कलली, कोणी चढल्यावर कलते तशी.

ती घसा फुटेपर्यंत त्याला हाका मारत राहिली. मग माईकवर एवढंच म्हणाली, “मी एकटी आहे... लवकर या.”

धुकं विरल्यावर बचाव बोट आली. नवऱ्याचा शोध सहा दिवस चालला. काही मिळालं नाही. बचाव बोटीच्या नोंदवहीत मात्र लिहिलंय: ‘सुखरूप आणलेल्या व्यक्ती: दोन.’ त्या बोटीवरच्या तिन्ही खलाशांचा जबाब एकच आहे. बाईंच्या शेजारी एक गृहस्थ घोंगडी पांघरून बसले होते. बाई एकदाही त्यांच्याकडे वळल्या नाहीत. खलाशांना वाटलं, नवरा-बायकोचं बिनसलं असेल. धक्का आल्यावर ते गृहस्थ आधी उतरले आणि गावाच्या दिशेने चालू लागले.

ती म्हणते, शेजारची जागा पूर्ण वेळ रिकामी होती.

आयोजक, तपासनीस आणि बचाव पथक, तिघांनाही तिने लेखी विचारून आठ महिने झाले. धक्क्यावर उतरलेला तो माणूस कोण होता आणि कुठे गेला, याचं उत्तर अजून एकाही कार्यालयाने दिलेलं नाही.