रिकामी चौकट

सकाळचं ऊन बोटीवर पसरलं होतं. बोटीवरचे सगळे जिला ताई म्हणत, तिने म्हाताऱ्या कप्तानाच्या पाठीवर हवेची टाकी चढवली, पट्टे आवळले आणि नेहमीच्या गोड आवाजात विचारलं, "फार घट्ट नाही ना झालं?"

कप्तानाने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? तिच्या दादाला तरी तो कुठे चेहऱ्याने ओळखत होता! दादा ज्या जहाजावर कामाला होता, त्याचा हा कप्तान. इंजिनखोलीत आग लागली तेव्हा यानेच दार बाहेरून बंद करायला लावलं. दादा आणि त्याचे सोबती आतच राहिले. जहाज वाचलं, कप्तानाला पदक मिळालं. आईने त्यानंतर घरातलं एकही दार लावू दिलं नाही.

पुढे जहाज थकलं. माशांना आसरा आणि हौशी पाणबुड्यांना गंमत म्हणून ते मुद्दाम बुडवलं. ताई तिथेच लोकांना खाली घेऊन जायचं काम करू लागली. कशासाठी, याचा तिने कुणाला ताकास तूर लागू दिला नाही.

"इंजिनखोली बघायचीये, साहेब?"

कप्तान थबकला. "दार बंद असेल ना तिचं?"

"बुडवायच्या आधी सगळी दारं काढलीत. कुणी आत अडकू नये म्हणून."

त्या चौकटीत त्याचे डोळे बघायचे, एवढंच तिला हवं होतं.

खाली कठड्यांवर शेवाळ माजलं होतं, माशांचे थवेच्या थवे फिरत होते. इंजिनखोलीच्या वाटेवर मात्र एकही मासा नव्हता. इथलं पाणी कायम गारढोण असायचं. आज ते कोमट लागत होतं.

चौकट आली. ताईने खूण केली. कप्तान आत शिरला. तिने बाहेरूनच विजेरी त्याच्यावर धरली.

तो चटकन मागे वळला. चौकटीपाशी आला आणि कशावर तरी आपटला.

मध्ये काहीच नव्हतं.

त्याने दोन्ही तळवे पुढे टेकले. ढकललं. मग बडवू लागला. लोखंडाचा आवाज पाण्यातून ताईच्या छातीत घुमला.

त्याचे डोळे आता अगदी तिला हवे तसे झाले होते.

तो हाताच्या अंतरावर होता. तिने हात पुढे केला नाही.

आवाज वाढला. तो एकट्याच्या हातांचा नव्हता.

मग थांबला.

"हृदयच बंद पडलं असणार," किनाऱ्यावर डॉक्टर म्हणाले. "टाकीत हवा तर भरपूर आहे. वयाला झेपलं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ताईनेही.

डॉक्टरांनी त्याचे हातमोजे उतरवले. मोजे शाबूत होते, ओलेचिंब. आतले तळवे भाजून फोडांनी भरले होते.