फुटाणा कुठे पडला

अजिंक्यनं ससा डॉक्टरकडे नेला तो गुरुवारी. चाकणच्या त्याच्या कंपनीला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे इतरांची रविवारची कामं हा माणूस गुरुवारी उरकायचा. दळण, गाडीचं सर्व्हिसिंग, आणि आता ससा. कंपनीतूनच आणलेल्या निळ्या क्रेटमध्ये जुना टॉवेल अंथरून त्याला बसवलं होतं. शाळेत जाण्यापूर्वी नीलानं, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीनं, त्यात कोथिंबिरीच्या चार काड्या टाकून ठेवल्या होत्या. सशाचं नाव फुटाणा. पांढराशुभ्र, कानावर तेवढा एक ठिपका, आणि एका जागी म्हणून बसत नसे.

चिंचवडच्या डॉक्टरबाईंनी त्याला उलटंपालटं करून पाहिलं, छातीला नळी लावली, रक्त घेतलं, एक्स-रे काढला. तासाभरानं म्हणाल्या, "काही सापडत नाही हो. हृदय ठीक, साखर ठीक, मणका ठीक. पळाल्यावरच पडतो ना?"

"हो. हॉलमध्ये सोडला की पंधरा-वीस मिनिटं पळतो आणि धाडकन आडवा होतो. मागचे पाय ताठ, डोळे उघडे. दहा मिनिटांनी उठून तोंड पुसायला लागतो, काही झालंच नाही असा."

"सशांना ताण सोसत नाही. कसला ताण ते तुम्हीच शोधा. पुढच्या वेळी घड्याळ लावा. किती वेळ पळतो, कुठे पडतो, लिहून ठेवा. आणि हो, पडल्यावर हलवू नका त्याला. पडला तिथंच राहू द्या."

घड्याळ लावा म्हटल्यावर अजिंक्य हसला होता. ते तर त्याचं रोजचंच काम. प्रेस लाइनचा सुपरवायझर तो. कामगाराच्या पाठीशी स्टॉपवॉच घेऊन उभं राहायचं, एका नगाला किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यातले चार-दोन कापायचे. 'हलवू नका' ऐकल्यावर मात्र त्याचं हसू मावळलं.

ससा पडतो, एवढंच त्यानं डॉक्टरबाईंना सांगितलं होतं. तो एकीकडे पडतो आणि सापडतो दुसरीकडे, हे कुठल्या तोंडानं सांगणार?

पहिल्या खेपेला फुटाणा फ्रिजपाशी पडला. नीला किंचाळली. अजिंक्य आंघोळीला गेला होता. त्याची बायको वर्षाली पाणी आणायला आत वळली, नीला बाबाला हाका मारायला धावली. मिनिटभरात तिघं परत आली तर फ्रिजपाशी काही नाही. घरभर शोधलं. शेवटी वर्षालीनं मुख्य दार उघडलं, तर बाहेर चपलांच्या स्टँडशेजारी फुटाणा तसाच आडवा, पाय ताठ, डोळे उघडे. नीलानंच दार उघडं टाकलं असणार म्हणून तिला बोलणी बसली.

"आई, मी त्याला हातपण लावला नाही गं," ती रडत म्हणाली.

दुसऱ्या खेपेला वर्षालीनं स्वतः कडी लावली होती. तिसऱ्या खेपेला वरचा बोल्ट होता, जिथं नीलाचा हात पोचत नाही, तरीही ससा सापडला तो दाराबाहेरच. त्यानंतर वर्षाली नीलाला ओरडायची थांबली. ती कोणालाच काही बोलेना, आणि घरात ते जास्त जाणवायला लागलं.

नीला फुटाण्याच्या अंगात नाक खुपसून एकदा म्हणाली, "बाबा, ह्याला तुझ्या कंपनीचा वास येतोय."

"मी कामावरून आलोय ना, माझाच असेल," अजिंक्य म्हणाला. त्या दिवशी गुरुवार होता. तो घरातून हललासुद्धा नव्हता.

वास प्रेसच्या तेलाचा होता. जळका, जुना, घशात बसणारा. आणि फुटाण्याच्या पुढच्या पायांमागे, दोन्ही काखांत, तेलाचे काळपट पट्टे उठलेले असायचे. अजिंक्य ते ओल्या फडक्यानं पुसायचा, कोणी पाहायच्या आत.

आता हेही सांगायला हवं की फुटाणा धम्मरत्ननं दिला होता. धम्मरत्न म्हणजे चार नंबरच्या प्रेसवरचा ठेकेदाराचा माणूस, राहायला देहूरोडला. घराच्या मागच्या बाजूला जाळी लावून त्यानं ससे पाळले होते. नीलाच्या वाढदिवसाला बुटाच्या खोक्यात घालून हे पिल्लू त्यानं आणून दिलं. "साहेब, ह्याला जास्त पळवू नका हां," तो म्हणाला होता. "लहान जीव आहे."

मेच्या अखेरीला अजिंक्यनं चार नंबरचा वेळ बेचाळीस सेकंदांवरून छत्तिसावर आणला. डावीकडून पत्रा उचलायचा, साच्यात ठेवायचा, दोन्ही बटणं दाबायची, वळायचं, उजवीकडच्या क्रेटमध्ये टाकायचा. छत्तीस सेकंद. त्या आठवड्यात चार नंबरवरचा पंखा बंद होता. दुपारी धम्मरत्न म्हणाला, "साहेब, पाच मिनिटं बसतो. कसंतरी होतंय."

"एवढा लॉट जाऊ दे," अजिंक्य म्हणाला.

लॉट गेला आणि धम्मरत्नही आडवा झाला.

कारखान्यात शिरताना एक मोठा फलक आहे, 'अपघाताविना सलग दिवस'. त्या दिवशी त्यावर ४६२ होते. पाचशेला वरचे साहेब येणार होते, पेढे वाटायचे होते आणि अजिंक्यची बढती जाहीर व्हायची होती. ठेकेदाराचा मुकादम गणराज कानाशी लागला, "राव, हा आत पडला तर फलक शून्यावर येईल. बाहेर पडला तर आपला काय संबंध?" गणराजनं पाय धरले, अजिंक्यनं काखांत हात घातले. मागच्या गेटनं बाहेर नेऊन रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि मग ॲम्ब्युलन्सला फोन केला. बाहेर नेताना धम्मरत्नचा श्वास चालू होता. डोळे उघडे होते. तो अजिंक्यकडे बघत होता, हे अजिंक्यला पक्कं माहीत होतं. ॲम्ब्युलन्स आली तोवर मात्र उशीर झाला होता.

धम्मरत्नच्या पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या विधीच्या, आदल्या दिवशी त्याची बायको आम्रपाली कंपनीच्या गेटवर आली. तिनं एकच विचारलं. "ते कुठं पडले, तेवढं दाखवा साहेब. शेवटची जागा बघायची आहे." अजिंक्यनं तिला रस्त्याच्या कडेची जागा दाखवली. तिथं ट्रकवाले गाड्या थांबवून लघवीला उतरतात. त्या घाणीत बसून तिनं मेणबत्ती लावली, पांढरी फुलं ठेवली, हात जोडले. अजिंक्य फोनवर बोलल्याचं सोंग करत आत गेला.

डॉक्टरबाईंकडून आल्यावर पुढच्याच गुरुवारी त्यानं ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. वर्षाली तळवड्याला ऑफिसात, नीला शाळेत. त्यानं कडी घातली, वरचा बोल्ट सरकवला, स्टॉपवॉच हातात घेऊन हॉलमध्ये फरशीवर बसला आणि फुटाण्याला सोडलं.

लख्ख दुपार होती. खाली कुणीतरी गाडी धुत होतं, शेजारी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. फुटाणा बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यातून निघाला, टेबलाच्या पायाशी थांबला, पुढचे दोन्ही पंजे फरशीवर एकदम आपटले, वळला, उजवीकडे फ्रिजपर्यंत गेला आणि परत डाव्या कोपऱ्यात. अजिंक्यनं बटण दाबलं. छत्तीस. पुन्हा डावा कोपरा, टेबल, दोन पंजे, वळण, फ्रिज. छत्तीस. तिसऱ्या फेरीलाही छत्तीसच. पाचवीला त्यानं स्टॉपवॉच खाली ठेवलं. आता बघायची गरजच नव्हती.

डोक्यावरचा पंखा आपोआप मंद होत थांबला. गाडी धुणाऱ्याचा आवाज गेला. कुकरही गप्प. फरशीवर फक्त पंज्यांचा आवाज, आणि तो जळक्या तेलाचा वास...

"थांब रे," अजिंक्य पुटपुटला. "बस जरा... बस पाच मिनिटं."

फुटाणा फ्रिजपाशी पडला.

अजिंक्यनं डोळे त्याच्यावर खिळवले. पापणीसुद्धा लववायची नाही. बघू कोण नेतं ते.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं, कडी होती, बोल्ट होता. पुन्हा फ्रिजकडे पाहिलं, तर नुसती फरशी.

दार उघडलं. बाहेर आम्रपाली उभी होती, आणि तिच्या हातांत फुटाणा.

"हा दाराशी पडला होता," ती म्हणाली. "आमच्याकडचाच ना हा? कानावरचा ठिपका ओळखला मी."

"तुम्ही... कधी आलात, ताई?"

"आत्ताच. मी जिना चढत होते तर दोघं जण ह्याला ठेवून खाली उतरले. कंपनीच्या कपड्यांत होते. एक पाठीमागून अगदी तुमच्यासारखा वाटला, म्हणून हाकही मारली. वळला नाही." तिनं फुटाण्याला त्याच्या हातांत दिलं. "उद्या सरकारी चौकशीत तुमचा जबाब आहे म्हणे. मला भांडायचं नाही, साहेब. पण त्या घाणीत मी मेणबत्ती लावून आले, आणि मला सारखं वाटतं, ते तिथं नव्हतेच. लाइनवरची पोरं माझ्याशी डोळा भिडवत नाहीत. एकदा खरं सांगा. कुठं पडले?"

सांगून टाकावं, असं त्याला वाटलं. शब्द ओठांवर आलेही. मग तो फलक डोळ्यांपुढे आला. ४९६. अजून चार दिवस.

"गेटबाहेरच, ताई," तो म्हणाला. "सांगितलं होतं ना."

ती "बरं" म्हणाली आणि जिना उतरून गेली. त्याच क्षणी त्याच्या हातांतला फुटाणा टुणकन उठला आणि तोंड पुसायला लागला. आत पंखा सुरू झाला.

शुक्रवारी अजिंक्यनं जबाबावर सही केली. शुक्रवारी, शनिवारी, रविवारी फुटाणा हॉलभर उधळला. एकदाही पडला नाही. नीलानं आनंदानं टाळ्या पिटल्या. वर्षाली कितीतरी दिवसांनी हसली. अजिंक्यला वाटलं, चला, मिटलं.

सोमवारी फलकावर ५०० लागले. साहेब आले, भाषण झालं, पेढे वाटले. अजिंक्यनं पेढा तोंडात टाकला आणि शाळेतून फोन आला. पावसानं उघडीप दिली म्हणून मुलांना मैदानावर पळवलं होतं. नीला पडली होती.

चाकणहून चिखलीला यायला त्याला तास लागला. शाळेच्या गेटवर म्हातारा वॉचमन उभा होता. अजिंक्यला बघून तो चक्रावला.

"आता आन् कशाला परत आलासा?"

"परत? आत्ता येतोय मी. माझी मुलगी कुठंय?"

"हापिसात बसवलीया. उठली ती, बरी हाय. पन साहेब, तुमीच तर मघाशी आनून ठिवली की हितं, गेटाभाईर. तुमी आन् आनिक एक जन. मी म्हनलं, अवो, उचलून भाईर कशाला न्हेता? तुमी काय बोलला न्हाई."

मागून पीटीच्या बाई आल्या. त्या घाईघाईनं म्हणाल्या, "सर, ती गेटबाहेर सापडली हं. आमच्या आवारात काही झालेलं नाही. रजिस्टरला तसंच लिहिलंय."

"बाई, ती कुठं पडली तेवढं सांगा," अजिंक्य ओरडला, आणि तोंडून बाहेर पडताच ते वाक्य त्याला ओळखू आलं.

ऑफिसात नीला बाकावर बसली होती. चेहरा पांढरा, पण सावध. त्याला पाहून ती हसली नाही, की रडली नाही. तो शेजारी बसला तसं तिनं हळूच विचारलं,

"बाबा, मी आत पडले होते. तू मला बाहेर का नेलंस?"

अजिंक्यला तिला जवळ घ्यायचं होतं, खरं सांगायचं होतं, सगळं, अगदी चार नंबरच्या प्रेसपासून. त्यानं तोंड उघडलं. सवयीनं तिथून दुसरंच निघालं.

"नाही गं बाळा. तू बाहेरच पडली होतीस."

नीलानं आपला हात वर केला. पीटीच्या पांढऱ्या गणवेशावर काखेखाली तेलाचा काळा डाग होता, पाच बोटांचा. तिनं अजिंक्यचा हात धरला आणि त्या डागावर टेकवला. एकेक बोट जागच्या जागी बसलं. डाग अजून ओला होता.