हातची राखलेली ओवी

बर्फात अडली गाडी, आधी मागं जाऊन ये,
धुराची वाट मोकळी कर, मगच ऊब घे…

हा बाबांचा आवाज. बावीस वर्षं झाली असतील. मनालीचं सरकारी क्वार्टर, खिडकीच्या निम्म्यापर्यंत चढलेला बर्फ, आणि मला रजईत गुंडाळून हलक्या आवाजात गाणारे बाबा. मनोहर साठे, मूळचे साताऱ्याचे. पण रस्त्यावरचा बर्फ उपसण्याच्या नोकरीत त्यांची सगळी उमेदीची वर्षं गेली. बर्फात काय करायचं, काय नाही, ते सगळं ओवीत सांगायचे. मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा असेच बोलतात.

ते गेले त्याला सहा वर्षं झाली. मी सिंगापूरला आले. इथे बर्फ भेटतो तो आइस कचांगच्या वाटीत, वर लाल-हिरवं सरबत ओतलेला. ओव्या मनातच राहिल्या, ट्रंकेच्या तळाशी घडी घालून ठेवलेल्या स्वेटरसारख्या. इथे कुणाला लागणार होत्या?

लागल्या…

डिसेंबरातली दुपार. आंग मो किओच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, इथल्या रिवाजाप्रमाणे टिश्यूचं पाकीट ठेवून मी जागा धरली होती. नूडल्स घेऊन परतले तर समोरच्या खुर्चीत एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस फोन स्पीकरवर ठेवून चक्क मराठीत ओरडत होता.

"अगं, सोपंय! पाणी चांगलं उकळव आणि ओत त्या गोठलेल्या नळावर. धडाधड!"

"अजिबात नको!" माझ्या तोंडून निघूनच गेलं. "पाइप फुटेल!"

त्यानं मान वर केली. डोळे असे, जणू आत्ताच कुणीतरी आत दिवा लावलाय.

"मग काय करायचं?" हे त्यानं विचारलं नाही, फोनमधल्या मुलीनं विचारलं.

"नळ आधी उघडा ठेव. पाइपला फडकं गुंडाळ आणि त्यावर कोमट पाणी सोड. नळाकडून सुरू कर, मग हळूहळू मागे ये."

पाच मिनिटांनी फोनमधून पाण्याचा आवाज आला, आणि मागोमाग किंकाळी. आनंदाची. फोन बंद झाला.

"निहार देवधर," तो म्हणाला. "पुणे. बर्फाचा अनुभव — फ्रीजरपुरता. आणि तुम्ही?"

"क्षिप्रा. माझे नूडल्स तुमच्यामुळे गार झाले."

"कोमट पाणी ओतू का? नळाकडून?"

मी हसले. तिथेच चुकलं माझं.

फोनमधली ती अश्लेषा. निहारची कॉलेजातली मैत्रीण, नोकरीनिमित्त नोव्हेंबरात पुण्याहून थेट जपानात, साप्पोरोला गेलेली. पहिलाच हिवाळा, जुनं लाकडी घर, सेकंडहँड गाडी. तिला काही अडलं की ती निहारला विचारायची, आणि निहार… मला. त्याचं ऑफिस माझ्या ऑफिसशेजारच्या ब्लॉकमध्ये. दुपारचं जेवण एकत्र होऊ लागलं. तो माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा आणायचा, स्वतः दोन चमचे साखरेचा प्यायचा आणि घोटाघोटाला एक प्रश्न विचारायचा.

"गाडी रात्रभर बाहेर राहिली तर?"

"वायपर उभे करून ठेवायचे. नाहीतर काचेला चिकटतात."

"चाक जागच्या जागी फिरत राहिलं तर?"

"पायाखालची मॅट काढून चाकाखाली सरकवायची."

"आणि गाडी घसरली तर?"

यावर मी आधी थोडी घुटमळले… आणि मग बाबांची ओवी गायले. भर हॉकर सेंटरमध्ये, कढयांच्या खणखणाटात. आयुष्यात पहिल्यांदाच बाबांखेरीज दुसऱ्या कुणासमोर.

घसरली गाडी बाई, ब्रेक नको मारू,
जिकडं घसरे तिकडं वळव, नको घाबरू…

निहारचा चमचा कपातच थांबला. "पुन्हा म्हण," तो हळूच म्हणाला. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो खुशीत आला. "अश्लेषाला पाठवली ओवी. वेडी झाली ती! गाडी चालवताना गुणगुणते म्हणे."

मी चहाचा कप खाली ठेवला. माझ्या बाबांची ओवी… तिच्या ओठांवर? मी घरची चावी एकाला द्यावी आणि त्यानं ती तिसरीच्या हातात ठेवावी, तसं झालं.

"छान," मी म्हटलं.

"चिडलीस?"

"मी कशाला चिडू?"

"चहा अर्धा ठेवलायस."

"साखर जास्त झालीये."

"क्षिप्रा, त्यात साखर नाहीच आहे."

जानेवारीभर प्रश्न वाढतच गेले. छपरावरचा बर्फ कसा पाडायचा? अंगण आधी झाडायचं की फाटक? फावड्याला बर्फ चिकटू नये म्हणून काय लावायचं? मी उत्तरं देत होते आणि आतल्या आत धुमसत होते. माझ्या शब्दांनी तो तिचं छप्पर मोकळं करणार, तिचं अंगण झाडणार… आणि ती खिडकीत उभी राहून म्हणणार, किती काळजी रे तुला माझी! तिचा फोटो मी शोधून पाहिला. लाल टोपी, गालावर खळी. खळीच हवी होती का नेमकी?

बुकित पंजांगला मी ज्यांच्याकडे खोली घेऊन राहते, त्या अरुणामावशींनी एका सकाळी पोह्यांची ताटली पुढे सरकवत विचारलं, "काय गं, हल्ली भांडी घासतेस की बडवतेस?"

"बर्फाचा विचार करत होते, मावशी."

"तरीच धूर निघतोय."

मग तो शुक्रवार. निहार म्हणाला, "फेब्रुवारीत साप्पोरोला जायचं म्हणतोय. आठवडाभर. अश्लेषा कधीची बोलावतेय…" पुढे त्याला आणखी काही म्हणायचं होतं. मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"जा की. सगळं शिकवलंय तुला. आता माझी काय गरज?"

सगळं नव्हतं शिकवलं. एक ओवी मी हातची राखून ठेवली होती. बाबांची सगळ्यात आवडती. ही तिला मिळणार नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी निहारचा मेसेज आला. "अश्लेषाची गाडी गावाबाहेर बर्फात अडकलीये. वादळ आहे. काय करायला सांगू तिला?"

मी वाचला… आणि फोन पालथा घातला.

आज शनिवार. आज तरी मला सुटी असू दे त्या दोघांपासून. खिडकीबाहेर पाऊस सुरू झाला होता. खालून एलआरटी ट्रेनचा डबा भिजत गेला. मी तांदूळ धुतले. पुन्हा धुतले. शोधेल तो इंटरनेटवर. नाहीतरी काय होणार आहे तिला, गाडीत हीटर असेलच की…

हीटर.

हातातलं पातेलं तसंच राहिलं. बाबा कानाशी आले, अगदी रजईतल्यासारखे. धुराची वाट मोकळी कर… मगच ऊब घे. सायलेन्सर बर्फात बुजला आणि हीटर लावला, की धूर बाहेर जात नाही. आत येतो. त्यातल्या विषाला वास नसतो. नुसती झोप येते. बाबांच्या तुकडीतले दोघं असेच कायमचे झोपले होते, आणि त्यानंतरच ती ओवी जन्मली होती.

बारा एकतीस. मी ओल्या हातानं फोन लावला.

"निहार, तिला जोडून दे. आत्ता!"

"हॅलो?" अश्लेषाचा आवाज मंद होता, पेंगुळलेला.

"अश्लेषा, मी क्षिप्रा. हीटर चालू आहे?"

"हो ना… छान ऊब आलीये. डोकं जरा जड झालंय…"

"इंजिन बंद कर! काच खाली कर! वारा आत येऊ दे, कुडकुडलीस तरी चालेल. आता खाली उतर आणि मागे जा. गाडीला धरून जा, हात सोडू नको. सायलेन्सर दिसतोय?"

"नाही… सगळं पांढरंच आहे…"

"हातानं उकर. पूर्ण मोकळा कर."

फोनमधून नुसता वारा ऐकू येत होता. निहारही लाइनवर होता; त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मी काय करणार? मी गायले. राखून ठेवलेली ती ओवी, पहिल्या शब्दापासून, पुन्हा पुन्हा, ती परत येईपर्यंत.

"झाला मोकळा," अखेर ती धापा टाकत म्हणाली. आवाजात जाग होती. "ही ओवी नवीन आहे ना? ही नव्हती पाठवली त्यानं."

"ही… राहून गेली होती."

रस्ता मोकळा करणारी गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तोवर मी तिला बोलतं ठेवलं. इंजिन दहा मिनिटं चालू, मग बंद. काच बोटभर उघडी. आणि दर वेळी मागे जाऊन सायलेन्सर बघायचा.

"घरी गेलीस की आधी छप्पर बघून घे," मी म्हटलं. "एवढ्या वादळात भार झाला असेल."

"कुठलं छप्पर?"

"तुझं. आणि अंगणातलं फाटक…"

"क्षिप्रा, मी त्या लाकडी घरात तीन आठवडेच होते गं. ख्रिसमसच्या आधीच फ्लॅटमध्ये आले. नवव्या मजल्यावर! मला कुठलं आलंय अंगण?"

छप्पर, अंगण, फाटक, फावडं… जानेवारीभराचे प्रश्न मी बोटांवर मोजले.

"निहार!" अश्लेषा खो खो हसत सुटली. "अरे गाढवा, माझ्या नावावर अंगण झाडून घेतोस होय? आणि तू ऐक गं, तो इकडे येतोय ते काही माझ्यासाठी नाही. मला म्हणाला, तिच्या बाबांचा बर्फ कसा असतो ते एकदा बघायचंय… आली गं गाडी! पिवळा दिवा दिसतोय! ठेवते."

तासाभरानं निहार बुकित पंजांगला, आमच्या ब्लॉकखाली उभा होता. मरीन परेडच्या त्याच्या घरून आलेला, छत्रीविना, निथळत. मी लिफ्टमधून उतरले ती दोन हात अंतरावरच थांबले.

"छप्पर खोटं होतं," तो म्हणाला. "फाटकही. डिसेंबरनंतरचे सगळेच. प्रश्न संपले की तू जेवून उठून जाशील, अशी भीती वाटायची. आजचा तेवढा खरा होता… आणि तू वाचवलंस तिला."

तो पुढे आला. मला तिथेच गप्प राहता आलं असतं. त्याच्या डोळ्यांत मी केवढी मोठी झाले होते… एक शब्द न बोलता तशीच राहिले असते. मी घसरत होते, आणि पाय ब्रेकवर जात होता. मी उचलला.

"नाही वाचवलं, निहार. मेसेज मी बारा दहालाच वाचला होता. फोन एकतीसला केला. एकवीस मिनिटं मी तांदूळ धूत बसले… कारण ती ओवी मला तिला द्यायची नव्हती. तिला तू मिळतोयस असं वाटत होतं मला, आणि ते सहन होत नव्हतं. ती मेली असती माझ्यामुळे. हे अश्लेषालाही सांगेन मी, आजच. तुला आधी सांगतेय, कारण…" पाऊस सिमेंटवर टपटपत होता. तो हलला नव्हता, मागेही सरला नव्हता. "कारण माझं तुझ्यावर प्रेम आहे. त्या दुपारी माझे नूडल्स गार झाले ना… तेव्हापासून."