सातव्या चित्राची जाडी

चौकटीसकट सातव्या चित्राची जाडी तेवीस पूर्णांक चार मिलिमीटर होती. उजव्या खालच्या कोपऱ्यात व्हर्नियरचे जबडे अलगद टेकवून तिने तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा तेवढीच भरली. मोजायचं कारण साधं होतं. प्रदर्शन उतरल्यावर चित्रं परत न्यायला सुताराकडून खोकी करून घ्यायची होती.

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी सुताराला आकडे कळवण्याआधी तिने पुन्हा एकदा सगळी मापं घेतली. दहा चित्रं होती तशीच होती. सातवं तेवीस पूर्णांक सात भरलं.

हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं, हे तिला ठाऊक होतं. सव्वीस वर्षं तिने शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. पण मग अकराच्या अकरा चित्रं फुगायला हवी होती.

“या चित्राला कोणी हात लावला का?” तिने गॅलरीवाल्यांना विचारलं.

“हात कुठला लावतात, वहिनी? सकाळपासून एकच माणूस आला. त्याने बाथरूम कुठे आहे ते विचारलं.”

गॅलरी म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. पांढऱ्या भिंती, प्रत्येक चित्रावर एक दिवा, आणि खालून अधूनमधून धातू घासल्याचा आवाज. चित्रं तिच्या नवऱ्याची होती. नुसते करडे रंग, थरावर थर. बावीस दिवसांपूर्वी सातव्या चित्रासमोर, हातात ब्रश असतानाच, तो कोसळला होता. मेंदूत रक्तस्राव. तेव्हापासून त्याच्या वतीने व्हेंटिलेटर श्वास घेत होता. डॉक्टर रोज चार वाजता फोन करून मऊ आवाजात विचारायचे, “काय ठरवलंत?” आणि ती म्हणायची, “प्रदर्शन होऊ दे.”

गॅलरीवाले चहाला खाली उतरल्यावर तिने सातवं चित्र भिंतीवरून काढलं आणि पालथं केलं.

त्याची एक पद्धत होती. एक थर झाला की मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलची एक उभी रेघ. चित्र संपलं की सगळ्या उभ्या रेघांवरून एक आडवी. आडवी रेघ पडल्याशिवाय चित्र घराबाहेर जायचं नाही. हे तिला माहीत होतं, पण निमंत्रणपत्रिकेवर सातवंच छापलं होतं, म्हणून तिने ते तसंच आणून लावलं होतं. अकरा उभ्या रेघांचं. आडवी नसलेलं.

आता उभ्या रेघा बारा होत्या.

आधी तिने त्या बोटाने पुन्हा मोजल्या. मग, तिचं तिलाच नवल वाटलं, हसू आलं. त्या दिवशी चार वाजता ती डॉक्टरांना म्हणाली, “त्याचं काम चालू आहे अजून.”

चौथ्या दिवशी तेरा. पाचव्या दिवशी चौदा, आणि चौदांवरून एक आडवी रेघ. वाकडी, उजवीकडे घसरलेली, त्याचीच. लग्न नवं असताना, आडवी रेघ सरळ यावी म्हणून, तिने एकदा आपली स्टीलची पट्टी त्याच्यापुढे धरली होती. तो तिला चिडवत म्हणाला होता, “ठेव ती, मोजपट्टी. वाकडी आली तर माझी. सरळ आली तर तुझी समजायची.”

तिने पर्समधून खोडरबर काढला आणि आडवी रेघ पुसून टाकली. चौदा उभ्या तशाच ठेवल्या. रबराचा चुरा ओंजळीत गोळा करून खिडकीबाहेर टाकला.

सहाव्या दिवशी रेघ परत होती, लाकडात रुतलेली. रबराने जाईना. तिने ब्लेडने खरवडली.

सातव्या दिवशी नणंद आली. चित्रांकडे न बघता स्टुलावर बसली.

“वहिनी, किती दिवस त्याला असं अडकवून ठेवायचं?”

“तुम्हाला घाई झालीय.”

“मला? लहानपणी सर्दी झाली तरी तोंडावर पांघरूण घालू द्यायचा नाही तो. जीव घुसमटतो म्हणायचा.” तिने नाक पुसलं. “नाकातोंडात नळ्या घालून निजवलंय आपण त्याला. काल त्याचे पाय चोळले. थंडगार.”

“उद्या प्रदर्शन संपतंय.”

“मग परवा काय सांगणार आहात?”

ती गेल्यावर चित्र पालथं केलं. रेघ होती. तिने इतकं खरवडलं की लाकडाचा ढलपा निघाला आणि तिच्या अंगठ्याला लागलं. रक्त पट्टीवर पडू दिलं नाही. मग चित्राला कपाळ टेकून ती म्हणाली, “आणखी एकच थर दे. एकच.” ओल्या तैलरंगाचा वास आला. पण जाडी वाढली नव्हती. पाचव्या दिवसापासून ती वाढलीच नव्हती.

शेवटच्या दिवशी तिनेच कुलूप उघडलं. किल्ल्या दोनच होत्या, एक गॅलरीवाल्यांकडे, एक तिच्याकडे.

चित्र पालथं केलं.

खरवडलेल्या खड्ड्यातून, चौदाही रेघांवरून, आडवी रेघ गेली होती. बारीक. एका दाबाची. कुठेही न घसरलेली.

सरळ.

तिने पर्समधून स्टीलची पट्टी काढून रेघेला लावली. केसाइतकाही फरक नव्हता.

पट्टी परत ठेवताना बोटांना काहीतरी लागलं. पट्टीची कड पेन्सिलच्या शिशाने काळी झाली होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पर्स आठवडाभर तिच्या खांद्यावर होती. झोपतानाही उशाशी.

तिने आपला उजवा हात उजेडात धरून पाहिला. बराच वेळ पाहिला.

खाली किल्ली घासायचा आवाज थांबला.

चार वाजायला पाच तास होते. या वेळी फोन तिनेच लावला. डॉक्टर “काय ठरव—” एवढंच बोलले.

“व्हेंटिलेटर बंद करा,” ती म्हणाली. “मी सांगतेय.”